मावशीचं शाईतलं स्केच फ्रेम करू का?

प्रश्न : माझी मावशी सत्तरच्या दशकात मुंबईत कपड्यांची डिझाईन्स काढायची. ती गेल्यावर कपाट आवरताना तिचं एक स्केच सापडलं. काळ्या शाईत एक उंच बाई, अंगात घेरदार अनारकली, चेहरा कोराच. बाजूला कापडाचे दोन तुकडे टाचणीने लावलेत आणि तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘अस्तर पातळ घ्या, घेर कमी नको’. भाऊ म्हणतो हे शिंप्याला द्यायचं चिटोरं आहे, चित्र कसलं! फ्रेमवाला म्हणतो तुकडे काढू, अक्षरं झाकू, मग चित्रासारखं दिसेल. मी गोंधळलेय. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी फ्रेमवाल्याला फोन करून थांबवा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

शिंप्यासाठी काढलं होतं हे भावाचं खरंय, पण म्हणून ते चित्र नाही हे मला पटत नाही. पेन्सिल खोडता येते, शाईची रेघ एकदा उमटली की उमटली, त्यामुळे खांद्यापासून पार घेरापर्यंत जाणारी ती लांब रेघ काढताना हात मध्येच थांबला तर तिथे शाई साचते आणि घाबरत काढली तर रेघ थरथरते, लपवता येत नाही. निबवर जोर दिला की रेघ जाड, सोडला की बारीक, आणि एवढ्याशा फरकातून बघणाऱ्याला कळतं की कापड जड आहे का झिरझिरीत, चुण्या कुठे पडतायत, घेर कुठे सुटतोय. चेहरा कोरा सोडलाय तो नजर कपड्यावर राहावी म्हणून. बाई उंच दिसते कारण खरा माणूस त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट उंच असतो आणि फॅशन स्केचमध्ये नऊपट काढतात, म्हणजे कापडाला खाली पडायला जागा मिळते. मावशींना हे सगळं येत होतं, बघा ना!

आणि भावाला सिनेमांचे कपडे डिझाईन करणाऱ्या भानु अथैयांबद्दल सांगा. कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, १९५३ला मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर त्यांची चित्रं प्रदर्शनात लागली, आणि त्याच काळात त्या बायकांच्या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं काढत होत्या, तिथूनच कपडे डिझाईन करण्याकडे वळल्या. १९८३ला ‘गांधी’ सिनेमातल्या कपड्यांसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. गॅलरीत लागणारं चित्र काढणारा आणि ब्लाउजचा गळा काढणारा हात एकच होता की, मग एक कला आणि दुसरं चिटोरं हे कोणी ठरवायचं?

पॅरिसला फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांच्या जुन्या फॅशन हाउसच्या इमारतीतच २०१७मध्ये त्यांचं म्युझियम उघडलं. तिथे त्यांची स्केचेस तर जपलीतच, पण वर्कशॉपमधले कापडाचे तुकडे लावलेले कागदही तितक्याच काळजीने ठेवलेत. त्यांच्याकडे स्केच आधी कारागिरांच्या हातात जायचं, ते त्यावरून मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात कच्चा ड्रेस शिवायचे आणि मग खरं कापड. मावशींचं ते ‘घेर कमी नको’ याच प्रवासातलं वाक्य आहे, ते झाकलंत तर मावशींचा आवाजच जाईल.

आता फ्रेमचं. टाचणी मात्र काढा, ती गंजते आणि कागद खाते. तुकडे त्याच भोकांतून सुती दोऱ्याने हलकेच टाका. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको. मागे ॲसिड-फ्री बोर्ड, म्हणजे कागद खराब न करणारा आम्लरहित पुठ्ठा, घालायला सांगा आणि काच कागदापासून थोडी उचललेली हवी, नाहीतर कापड दाबलं जाईल आणि पावसाळ्यात कागद काचेला चिकटेल. काळी ड्रॉइंग इंक काजळीची असेल तर उडत नाही, पण साध्या पेनची शाई उन्हाने उडते आणि कापडाचा रंग तर नक्कीच, म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका.

फ्रेममध्ये घालण्याआधी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने हलक्या हाताने मावशींचं नाव आणि अंदाजे साल लिहा. आणि ती अनारकली शिवून झाली होती का, कोणी घातली होती, घरातल्या मोठ्यांपैकी कोणाला आठवत असेल तर लवकर विचारून तेही लिहून ठेवा.