सेरेब्रल पाल्सी : रोज किती हालचाल?

प्रश्न : मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) आहे. तो ९ वर्षांचा, वॉकरने चालतो, पण दहा मिनिटांत दमतो. व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल का?

उत्तर : नाही, ही भीती मनातून काढून टाका. तेवढंच अंतर चालायला त्याची शक्ती इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त खर्च होते, म्हणून तो दमतो. त्याला आळशी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत अपंग मुलांसाठीही रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल आहे, पण ती सलग नको. पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करा. आठवड्यातून ३ दिवस, दिवसाआड, खुर्चीवरून ६ ते १० वेळा उठबस. टाच उचलली जात असेल तर खुर्ची बुटकी पडतेय, उंच घ्या. खुब्यात दुखलं तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.