एआय आलं, मग एक्स-रे टेक्निशियन व्हावं का?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झालीय, तिला एक्स-रे-एमआरआय टेक्निशियनचा कोर्स करायचाय, पण सगळे म्हणतात एआयमुळे नोकऱ्या जाणार. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, करू द्या तिला. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला मोठा शास्त्रज्ञ म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवा, आणि आजही ते कमीच पडतायत. टीबीचंच बघा ना, छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या तपासणीसाठी मान्य केलं, मुंबईतली एक कंपनीही असं सॉफ्टवेअर बनवते, पण ते फक्त संशय दाखवतं, पुढे थुंकी तपासावीच लागते आणि मुळात धाप लागलेल्या आजोबांना धरून उभं करून श्वास रोखायला लावून फिल्म काढायला माणूसच लागतो. नर्सिंग, फिजिओचंही तेच. मला खरी काळजी वाटते ती मेडिकल ट्रान्सक्रिप्शन (डॉक्टरांचं बोलणं टाइप करणं) आणि मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी कोड देणं) करणाऱ्या मुलांची, डॉक्टर बोलले की सॉफ्टवेअर आता स्वतःच लिहून काढतं, त्यामुळे तिकडे नव्याने वळू नका. अ‍ॅडमिशन घेताना मात्र कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि सीटी-एमआरआयवर मुलांना खरंच हात लावू देतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.