सिएनाचा पालिओ पाहायचाय? मग ३० जूनलाच पोहोचा

तुमचा प्रश्न असा आहे: जूनअखेर इटलीत फ्लोरेन्समध्ये मुक्काम आहे, २ जुलैला सिएनाला पालिओ ही घोड्यांची शर्यत असते, ती एका दिवसात जाऊन पाहून येता येईल का? आणि बरोबर अडुसष्ट वर्षांच्या शाकाहारी सासूबाई आहेत, त्यांना झेपेल का?

माझं उत्तर आधीच सांगते. फक्त २ तारखेसाठी जाऊ नका. हातात दोनच दिवस असतील तर ३० जून आणि १ जुलै द्या आणि २ तारखेची शर्यत सोडावी लागली तरी खुशाल सोडा. शर्यत सव्वा-दीड मिनिटात संपते. त्याआधीचे चार दिवस बघण्यासारखे असतात, आणि ते सासूबाईंनाही झेपतील.

माझी मुलगी सिएनात शिकत होती. २०१९ च्या जून-जुलैमध्ये मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले. तिची खोली प्रोव्हेन्झानोच्या चर्चजवळच्या गल्लीत, म्हणजे जिराफ्फा या कोंत्रादाच्या हद्दीत होती. कोंत्रादा म्हणजे आपल्या पेठेसारखं काहीतरी, पण पेठेपेक्षा कितीतरी घट्ट. शहराच्या तटबंदीच्या आत अशा १७ कोंत्रादा आहेत आणि त्यांच्या हद्दी १७२९ मध्ये बव्हेरियाच्या व्हिओलान्ते बेआत्रिचे या राज्यपाल बाईंनी ठरवून दिल्या, त्या आजही तशाच आहेत. नावं बघा: हंसी, सुरवंट, गोगलगाय, कासव, घुबड, साळिंदर, लांडगी, जिराफ. प्रत्येकीचं आपलं प्रार्थनाघर, आपलं संग्रहालय, आपला झेंडा आणि आपलं कारंजं. मूल जन्मलं की चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि कोंत्रादाच्या कारंज्याच्या पाण्याने होणारा बाप्तिस्मा वेगळा. लग्नाने कोंत्रादा बदलत नाही. नवरा-बायको दोन वैरी कोंत्रादांचे असतील, तर पालिओच्या दिवसांत बायको सरळ माहेरी जाऊन राहते असं तिथल्या बायका सांगतात. मुलीच्या घरमालकीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या.

आता शर्यतीचं. वर्षातून दोनदा होते, २ जुलै आणि १६ ऑगस्टला. शर्यत शहराच्या मुख्य चौकातच होते आणि तिथे जागा कमी असल्याने १७ पैकी १० कोंत्रादा धावतात. आदल्या वर्षी त्याच महिन्यात न धावलेल्या सात, आणि उरलेल्या तीन सोडतीने. घोडा कोंत्रादाचा नसतो, तोही सोडतीने मिळतो. जॉकी तर भाडोत्रीच, बहुतेक बाहेरगावचे. सतरा हद्दींमध्ये जी माणसं जीव टाकत असतात, त्यांच्या हातात खरं तर काहीच नसतं. मला हे कळायला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर मात्र सगळं निराळंच दिसायला लागलं.

२९ जूनला ही घोड्यांची सोडत होते. शक्य असेल तर तीही बघाच. पियाझ्झा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा चौक माणसांनी भरलेला असतो. एकेका घोड्याचा क्रमांक आणि कोंत्रादाचं नाव पुकारतात. चांगला घोडा मिळाला तर त्या कोंत्रादाचा रुमाल गळ्यात बांधलेली माणसं उड्या मारत, रडत, एकमेकांच्या गळ्यात पडतात. सुमार घोडा मिळाला तर अख्खा गट गप्प होतो. मग त्या घोड्याला मधे घेऊन सगळे गाणी म्हणत आपल्या वस्तीतल्या तबेल्यात नेतात, आणि तिथून पुढे बार्बारेस्को, म्हणजे मोतद्दार, रात्रीसुद्धा त्याच्याजवळच झोपतो.

त्या संध्याकाळपासून २ तारखेच्या सकाळपर्यंत सहा तालमी होतात, रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तुम्ही याच बघायच्या. चौकाच्या मधल्या भागात उभं राहून त्या फुकट बघता येतात. तेच घोडे, तेच जॉकी, तीच माती. गर्दी असते, पण संपली की माणूस मोकळा होतो. सकाळच्या तालमीला ऊनही सुसह्य असतं, सासूबाईंना तीच सोयीची. कोंत्रादाची लहान मुलं लाकडी पायऱ्यांवर एकत्र बसून समोरच्यांना गाण्यातून टोमणे मारत असतात. माझ्या मुलीने दोन ओळींचा अर्थ सांगितला आणि तिसरीला मान फिरवली.

प्रत्यक्ष २ तारखेला मध्ये फुकट उभं राहायचं तर दुपारीच जाऊन जागा धरावी लागते. एकदा वाटा बंद झाल्या की चार-पाच तास बाहेर पडता येत नाही. सावली नाही, बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. सासूबाईंना तिथे नेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. बाल्कनीतल्या आणि पायऱ्यांवरच्या जागा मिळतात, पण भारी महाग आणि त्याही महिनोन्‌महिने आधी. मी मुलीच्या हट्टाने मधे उभी राहिले. आधी ऐतिहासिक वेशभूषेतली मिरवणूक येते, ती दोन तास चालते. शेवटी चार पांढरे धिप्पाड कियानीना बैल जोडलेला रथ येतो, त्यावर पालिओ असतो. पालिओ म्हणजे मुळात बक्षिसाचा रंगवलेला रेशमी पट. दर वेळी नवा चित्रकार नवा रंगवतो आणि सिएनाची माणसं त्याला लाडाने ‘चेंचो’ म्हणजे चिंधी म्हणतात. रोख बक्षीस नाही. जिंकणाऱ्यालाच उलट भरपूर पैसे मोजावे लागतात, कारण कोंत्रादांमध्ये आधी गुप्त करार झालेले असतात आणि ते नियमबाह्य मानत नाहीत. त्या बैलांची जोडी बघून मला माझ्या सासरची खिल्लारं आठवली आणि घशात आवंढा आला.

घोडे खोगिराशिवाय धावतात. जॉकीच्या हातात बैलाच्या कातड्याचा चाबूक असतो, तो घोड्यावरही चालतो आणि शेजारच्या जॉकीवरही. नऊ घोडे दोरांच्या मधे उभे राहतात आणि दहावा मागून धावत येतो, तो आत शिरेल तेव्हाच सुरुवात. तो कधी शिरायचं हे स्वतःच ठरवतो, म्हणून सुरुवातीलाच तासभर जाऊ शकतो. चौकाला तीन फेऱ्या. जॉकी पडला तरी घोडा एकटा पुढे गेला तर जिंकतो. रेमोरेक्स नावाचा घोडा ऑक्टोबर २०१८ मधल्या खास, जादा पालिओत आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये असाच स्वाराशिवाय जिंकला. आणि हो, सगळ्यात मोठी हार दुसऱ्या क्रमांकाची. शेवटच्याला कोणी हसत नाही, दुसऱ्याला हसतात.

घोड्यांच्या हालांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी लपवणार नाही. चौकातल्या सान मार्तीनोच्या उतरत्या वळणावर घोडे पडलेत, मेलेतही. आता तिथे गाद्या लावतात, पशुवैद्य आधी तपासणी करतात आणि अस्सल रक्ताचे नाजूक पायांचे शर्यती घोडे घेत नाहीत. इटलीतले प्राणीप्रेमी तरीही विरोध करतातच. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ मध्ये नियमांसह परवानगी कायम केली, तेव्हा दोन्ही बाजूंची तळमळ मी जवळून ऐकली आहे. मला त्या वळणाशी डोळे मिटावेसे वाटले. तुम्हालाही बघवणार नसेल, तर तालमीच बघण्याचं हे आणखी एक कारण समजा.

१ जुलैच्या रात्रीसाठी मात्र काहीही करून थांबा. शेवटून दुसऱ्या तालमीनंतर प्रत्येक कोंत्रादा आपल्या रस्त्यात लांबच लांब टेबलं मांडून जेवते. शेकडो माणसं, मुलं वाढायला असतात, जॉकी आणि पुढारी वरच्या टेबलावर, मधेच कोणी उठून भाषण करतं आणि सगळे उभे राहून गातात. परक्यांनाही तिकीट मिळतं, पण आठवडाभर आधी कोंत्रादाच्या मंडळात विचारावं लागतं. शाकाहारी आहोत हे तेव्हाच सांगा. आमच्या पंक्तीत माझ्यासाठी पास्ता आणि भाज्या वेगळ्या ठेवल्या होत्या, वाढणारा पोरगा दोनदा येऊन पुरेसं झालं का विचारून गेला. एरवी खानावळीत ‘पीची’ मागवा, तो हाताने वळलेला जाड पास्ता असतो, लसूण-टोमॅटोचा ‘आल्योने’ घातलेला घ्या, सासूबाईंना नक्की आवडेल. चहाबरोबर पानफोर्ते आणि रिच्चारेल्ली घ्या, दोन्ही बदामाच्या मिठाया.

मधल्या वेळात शहर बघा. काम्पोची फरशी नऊ पाकळ्यांत विभागलीय, कारण १२८७ ते १३५५ इथे ‘नऊजणांचं’ सरकार होतं. त्यांच्याच सभागृहाच्या भिंतीवर आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली. चांगल्या राज्यात माणसं रस्त्यावर नाचतायत, दुकानं उघडी आहेत, शेतकरी नांगरतोय. वाईट राज्यात घरं पडलेली. कारभारी रोज त्यासमोर बसून निर्णय घ्यायचे. तिथून डुओमोकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चकडे जा आणि बाजूची ती एकटीच उभी असलेली उंच भिंत बघा. १३३९ मध्ये त्यांनी चर्च प्रचंड वाढवायला घेतलं, १३४८ च्या प्लेगने शहर रिकामं केलं आणि भिंत तशीच राहिली. मला वाटतं या माणसांनी कोंत्रादा एवढ्या घट्ट का धरून ठेवल्या हे त्या भिंतीपाशी थोडं उमगतं. भिंतीवर चढता येतं, जिने अरुंद आहेत, सासूबाईंना खालीच बसवा. तोर्रे देल मांज्या या चौकातल्या मनोऱ्याच्या चारशे पायऱ्यांचं तर नावच काढू नका.

फ्लोरेन्सहून बसने या, आगगाडीने नको. बस साधारण सव्वा ते दीड तासात वेशीजवळ सोडते, रेल्वे स्टेशन मात्र टेकडीखाली आहे. फुटपाथवर कोंत्रादांचे रुमाल विकायला असतात, ते घ्या पण त्या दिवसांत गळ्यात घालू नका. तिथल्या माणसासाठी तो त्याचा बाप्तिस्म्याचा रुमाल असतो. घोड्यांच्या आशीर्वादाला २ तारखेच्या दुपारी प्रार्थनाघरात जागा असली तर परक्यांना आत घेतात. मी गेले होते. पाद्री घोड्याला म्हणतात, “जा आणि जिंकून परत ये.” टाचणी पडली तर ऐकू येईल एवढी शांतता असते आणि फोन कोणी बाहेर काढत नाही, तुम्हीही काढू नका.

त्या वर्षी जिराफ्फाच जिंकली. घोड्याचं नाव ताले ए क्वाले, म्हणजे ‘जसाच्या तसा’. जुलैचा पालिओ जिंकणारे आभाराची प्रार्थना म्हणायला प्रोव्हेन्झानोच्या चर्चमध्ये धावतात, आणि ते चर्च जिराफ्फाच्याच हद्दीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्या माझा हात धरून पळत होत्या. नंतर शरद ऋतूत विजयाचं जेवण झालं, तोवर मी पुण्याला परतले होते. मुलीने फोटो पाठवला: रस्ताभर टेबलं, आणि सगळ्यात वरच्या, मानाच्या जागी त्याच्या चाऱ्यासमोर तो घोडा.