राउटरच्या कमांड पाठ होत नाहीत, काय करू?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात राउटरचं सेटिंग ब्राउझरमधून शिकवलं. इंटर्नशिपमध्ये मात्र सगळे काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करतात. त्या शेकडो कमांड लक्षात राहत नाहीत. आता डॅशबोर्डवरूनच सगळं होतं म्हणतात, मग यात वेळ घालवू का?

उत्तर : घालव, पण पाठांतरात नको. प्रश्नचिन्ह टाइप केलंस की पुढे कोणते शब्द चालतील ते राउटरच दाखवतो. टॅब दाबलीस की अर्धवट शब्द पूर्ण होतो. वीस वर्षं हे काम करणारेही तेच करतात.

डॅशबोर्ड सोयीचा आहेच. पण राउटरचा संपर्क तुटला की डॅशबोर्डलाही तो दिसत नाही. मग कन्सोल केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडून तीच काळी स्क्रीन उघडावी लागते.

तू आधी वाचायला शीक. सिस्को कंपनीच्या राउटरवर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ दे; सगळ्या पोर्टची, म्हणजे केबल जोडायच्या जागांची, स्थिती दिसते. एखाद्या पोर्टसमोर नुसतं ‘डाउन’ असेल तर केबल किंवा पलीकडचं उपकरण तपास. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असेल तर ते कुणीतरी मुद्दाम बंद ठेवलंय किंवा अजून चालूच केलेलं नाही. मुलाखतीत मी हाच फरक विचारायचो. कमांड घडाघडा म्हणणारे पुष्कळजण इथे अडखळायचे.

दुसरी गोष्ट मी ठेच लागून शिकलो. दूरच्या राउटरवर अॅक्सेस लिस्ट (कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही याची यादी) लावली आणि माझ्याच एसएसएचला, म्हणजे ज्यातून मी दुरून लॉगिन केलं होतं त्या जोडणीला, परवानगी द्यायला विसरलो. यादीच्या शेवटी न लिहिलेला ‘बाकी सगळ्यांना नकार’ असतोच. स्क्रीन गोठली ती गोठलीच; रात्री कुणाला तरी तिथे पाठवावं लागलं. तेव्हापासून असा बदल करण्याआधी मी चालू कॉन्फिग (राउटरची सगळी सेटिंग्ज) सेव्ह आहे ना ते बघतो आणि ‘रीलोड इन 10’ देतो. बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’, मगच सेव्ह. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरमध्ये याच कामाला ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, तेही रीस्टार्ट न करता.

सरावाला पॅकेट ट्रेसर हे राउटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तीन राउटर जोड, ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) चालव, मग मित्राला त्यातलं काहीतरी गुपचूप बिघडवायला सांग आणि फक्त ‘शो’ कमांड वापरून ते शोध. हे जमलं की हीच कामं प्रोग्रॅम लिहून करायला पायथॉन भाषेकडे वळ.

इंटर्नशिपमध्ये सीनिअरकडे फक्त बघण्यापुरतं लॉगिन माग. बदल करण्याचा अधिकार इतक्यात मागू नकोस.