रेखाटनाआधी कापड

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी रेखाटने मी लक्षपूर्वक पाहिली. रेषा सुरेख आहेत. पण कापड कोणते आणि ते कोणत्या दिशेने बेतायचे, याचा उल्लेख त्यांत कुठेही नाही, म्हणून आज तुला मादलेन व्हियोने यांच्याविषयी लिहीत आहे. १८७६ साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या या बाई लहान वयातच शिवणकामाला लागल्या, लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसला कॅलो भगिनींच्या प्रसिद्ध शिवणगृहात काम करून त्यांचा हात तयार झाला, आणि १९१२ मध्ये त्यांनी स्वतःचे शिवणगृह उघडले. फ्रेंच वेषरचनाकार कोको शनेल यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. परंतु पोशाख आतून कसा रचला जातो हे पाहू लागलीस, तर आधुनिक स्त्रीवेषावर व्हियोने यांचेच ऋण अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही. त्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करून, म्हणजे उरेब, ओढले की तेच कापड सैलावते आणि गोलाईवर बसते. शिंप्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते, आणि ब्लाउजच्या गळ्याला आपणही उरेब पट्टी लावतोच. व्हियोने यांनी पट्टीपुरता वापरला जाणारा हा गुण अख्ख्या पोशाखाला दिला. मऊ क्रेप उरेब बेतल्यामुळे झगा अंगासरशी उतरू लागला, चालताना शरीराबरोबर हलू लागला, आणि शरीराला कॉर्सेट नावाच्या घट्ट अंतर्वस्त्रात आवळून आकार देण्याची गरज उरली नाही. त्यांचे कित्येक झगे तर बटणे-हुकांशिवाय डोक्यावरून सहज घालता येत. १९३० च्या दशकातील हॉलिवूडच्या नायिकांचे सॅटिनचे झगे आणि पुढे ब्रिटिश वेषरचनाकार जॉन गॅलियानो यांचे उरेब पोशाख याच वाटेने आले आहेत.

या बाई कागदावर चित्र काढून सुरुवात करीत नसत. लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून त्या पोशाख घडवीत, आणि मग तो पूर्ण मापात उतरवला जाई. उरेब बेतताना सांधे कमी पडावेत म्हणून त्या नेहमीपेक्षा अधिक पन्ह्याचे कापड खास विणून घेत.

आणखी एक गोष्ट तू विसरू नयेस असे मला मनापासून वाटते. आपल्या शिवणगृहातील कामगार स्त्रियांसाठी त्यांनी भोजनगृह, वैद्यकीय व दंतसेवा आणि पगारी रजा यांची सोय केली होती. नक्कल रोखण्यासाठी त्या पोशाखांची छायाचित्रे काढून ठेवीत आणि लेबलवर अंगठ्याचा ठसा उमटवीत. १९३९ मध्ये शिवणगृह बंद झाले. पण त्यांनी जपलेले पोशाख, कच्चे नमुने आणि छायाचित्रांचे संग्रह पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहेत.

तू आता मांजरपाटाचा चौकोनी तुकडा घे, तो उरेब धरून पुतळ्यावर टाच आणि कुठे ताणतो, कुठे झोल पडतो हे नोंदव. मग तेच जॉर्जेटवर करून पाहा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरते, तेव्हा घेराची कड दुमडण्यापूर्वी कपडा रात्रभर टांगून ठेव आणि सकाळी कड पुन्हा सारखी करून घे. पुढच्या वेळी मला रेखाटनांऐवजी हे टाचलेले नमुने पाठव.

तुझी शुभचिंतक,
शिवणकलेची शिक्षिका