ॲप वापरून बोलण्याचा आवाज खरंच सुधारतो का?

हो, सुधारतो. पण आधी एक लक्षात घ्या, रेकॉर्डिंगमधला आपला आवाज पातळ वाटतो कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि जास्त भरदार वाटतो, म्हणजे तुमचा आवाज वाईट आहे असं अजिबात नाही. 'प्राट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठात बनलेलं, त्यात एक वाक्य रेकॉर्ड केलं की पिचची, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराची, रेघ दिसते. माझी रेघ सपाट होती आणि वाक्याच्या शेवटी तुटायची, कारण तिथपर्यंत श्वासच संपायचा. मग वाक्यं छोटी केली, मधे श्वास घ्यायला लागलो आणि रोज ५ मिनिटं स्ट्रॉमधून गुणगुणलो, घशावरचा ताण बराच कमी झाला. मुद्दाम आवाज जाड काढू नका प्लीज. आणि घोगरेपणा ३ आठवड्यांच्या वर राहिला तर ॲप बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.