मॉरिशसच्या हार्डवुड आयातीचा आलेख असा वेडावाकडा का?

तुम्ही पाठवलेला तक्ता पाहिला. मॉरिशसमध्ये आलेलं हार्डवुड (साग, एबनी अशा रुंद पानांच्या झाडांचं लाकूड), वर्षवार. एका वर्षी सुळका, पुढच्या वर्षी थेट जमीन, आणि त्यावरून तुमचा प्रश्न: त्या वर्षी तिथली बांधकामं बंद पडली होती का? नाही हो. मुंबईत रे रोडच्या लाकूड वखारवाल्यांची आयातीची कागदपत्रं करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तेवढ्या अनुभवावर सांगतो, लाकडाचा आकडा पडला म्हणजे लाकूड यायचं थांबलं असं धरू नका.

आधी आकार लक्षात घ्या. वीस फुटी कंटेनरमध्ये कापीव लाकूड साधारण १५ ते २० घनमीटर बसतं. सगळा देश मिळून जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा. समुद्रकिनारी एक मोठं हॉटेल उभं राहिलं, त्याच्या डेकसाठी आणि जिन्यांसाठी दहा-पंधरा कंटेनर उतरले, की आलेखाला सुळका आला. पुढच्या वर्षी तसं हॉटेल नाही, सुळकाही नाही. भारताच्या आकड्यात असे पंधरा कंटेनर कुणाच्या खिजगणतीतही नसतात. म्हणून तिथे एकेक वर्ष वाचू नका, तीन किंवा पाच वर्षांची सरासरी काढा.

आता थोडं मागे जाऊ. हे बेट लाकूड विकत घेणारं नव्हतं, विकणारं होतं. डचांनी १६३८ मध्ये तिथे वस्ती केली ती मुख्यतः एबनी या काळ्या, कठीण लाकडासाठी. १७१० मध्ये ते निघून गेले. पुढे फ्रेंचांच्या काळात कारभारी पिएर प्वाव्र याने १७६९ मध्ये नियम केला, की जमिनीचा चौथा हिस्सा जंगलाखाली राखायचा. त्या काळाच्या मानाने फार दूरदृष्टीचा माणूस. पण १८१० मध्ये इंग्रज आले आणि १८२५ मध्ये लंडनच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आली. झालं, उसाने डोंगरांच्या पायथ्यापर्यंत जंगल खाल्लं. आज चांगलं मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरलंय. आयातीची मुळं तिथे आहेत.

याच उसासाठी १८३४ पासून करारावर मजूर नेले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही होते, त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे मराठी म्हणवतात. त्या मजुरांच्या झोपड्यांवर उसाच्या पाचटाचं छप्पर असे. साग वगैरे मळेवाल्यांच्या बंगल्यांत. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आयातीचा आकडा सापडला, तर तो सगळ्या बेटाच्या घरांचा समजू नका.

सगळ्यात मोठं वळण १९६० चं. त्या जानेवारीत अलिक्स आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल, अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. कॅरोलने लाकडी आणि पत्र्याची घरं हजारोंनी आडवी केली. त्यानंतर लोकांनी सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं धरली, सरकारी वसाहतीही तशाच झाल्या. सपाट स्लॅब, वर सळ्या तशाच उभ्या सोडलेल्या, पुढे मजला चढवू म्हणून. (आपल्या कोकणात काय वेगळं दिसतं?) वासे, तुळया, भिंतीच्या फळ्या यांची गरज घटली. उरलं काय? दारं, चौकटी, जिने, फर्निचर. नंतर खिडक्यांवर ॲल्युमिनियमने डल्ला मारला.

मग दारंही तयार यायला लागली, आणि तुमच्या तक्त्याची खरी गोम इथे आहे. कस्टम्सच्या यादीत प्रत्येक मालाला एक कोड असतो; तुम्ही फक्त ४४०७ हा कोड घेतलाय, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जाड कापीव लाकूड. ओंडके ४४०३ मध्ये असतात, प्लायवूड ४४१२ मध्ये, दारं-खिडक्या-चौकटी ४४१८ मध्ये आणि फर्निचर ९४०३ मध्ये. वखारीत येणारी फळी कमी होऊन तेच लाकूड पॉलिश मारलेलं दार होऊन आलं, तर ४४०७ खाली जाणारच. बिचाऱ्या सुताराचं काम गेलं, लाकूड कुठे गेलं नाही. आधी ४४१८ चा आलेख शेजारी ठेवा, मग बोलू.

किंमत आणि घनमीटर एकाच रेषेत काढू नका. २०२०-२१ मध्ये कंटेनरचं भाडं आकाशाला भिडलं होतं आणि मॉरिशसचा रुपयाही उतरला होता. तिथली कस्टम्स आयात सीआयएफने नोंदवते, म्हणजे भाडं आणि विमा धरून. त्यामुळे तेवढंच लाकूड रुपयांत फुगलेलं दिसतं. निर्यात करणाऱ्या देशाचा आकडा मात्र एफओबीचा, म्हणजे भाडं आणि विमा सोडून. दोन्ही जुळत नाहीत म्हणून लगेच चोरीचा वास काढू नका.

जुने आकडे वापरणार असाल तर मापाची वेगळी कटकट आहे. ब्रह्मी (म्यानमारच्या) सागाच्या ओंडक्यांचे व्यवहार हॉपस टनात, म्हणजे ओंडके मोजायच्या जुन्या इंग्रजी मापात व्हायचे. एक टन म्हणजे ५० हॉपस घनफूट, म्हणजेच जवळपास १.८ घनमीटर. हे वजन नव्हे, माप. आमच्या कचेरीत एका नव्या पोराने हॉपस फूट त्याहून लहान असलेले साधे घनफूट समजून भरले आणि सगळा माल कागदावर पंचमांशाहून जास्त आटला. आठवडाभर गोदीत फेऱ्या मारल्या मी.

पुरवठ्याच्या बाजूनेही धक्के आहेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर ब्रह्मी सागाचा ओंडका ४४०३ मध्ये शोधू नका, तो कापूनच निघतो. शेजारच्या मादागास्करचा रोझवूड आणि एबनी २०१३ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, परवान्याशिवाय हलत नाहीत.

मॉरिशसमध्ये जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनतात, त्यांनी आकडा हलतो का असंही तुम्ही विचारलंत. हा धंदा तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चालतो, त्यात साग आणि कापूरवृक्षाचं लाकूड लागतं. डोळ्यांत भरतो खरा, पण बोटभर पट्ट्यांचं काम. आलेख हलवण्याइतकं लाकूड त्यात जात नाही.

आणि हो, तुमच्या तक्त्यात सागाच्या रांगेत २०२२ आधीची सगळी वर्षं शून्य दिसतायत त्याचं कारण साधं आहे. सागाला ४४०७.२३ हा स्वतंत्र कोड त्या कोडयादीच्या २०२२ च्या आवृत्तीत मिळाला. त्याआधीचा साग ४४०७.२९ मध्ये, ‘इतर’ म्हणून पडलाय. तिथे शोधा.